असईचा तोफगाडा आणि खेड्यांतला गाडा

संस्कृतज्ञ मंडळी ‘सुख’ ह्या शब्दाची एक व्युत्पत्ति अशी सांगतात, कीं ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यांत आंस बसण्यासाठीं पाडलेलें भोंक. तें भोंक नीट असलें म्हणजे रथ ‘सु-ख’, आणि वेडेंवांकडें असलें म्हणजे ‘दुः-ख’. ऋग्वेदांत ‘सुख’ हें विशेषण रथाला लावलेलें आढळतें, ही गोष्ट ह्या व्युत्पत्तीला पोषक आहे. सर्वच पंडितांना ती मान्य आहे असें मात्र नाहीं. ती खरी असो वा नसो, तिच्यांतला अनुभव खोटा नव्हे. मराठवाड्याच्या काळ्या रानांतून भाद्रपदाच्या चिखलांत ज्यानें भरलेली गाडी हांकली आहे, त्याला सुखदुःखाचा हा अर्थ कोणत्याही कोशाशिवाय कळतो.

आपल्याकडे इतिहास लिहितांना राजांचीं, सेनापतींचीं आणि तहांचीं नांवें येतात, आणि तीं यावयास हवींतच. परंतु सैन्य ज्यावर चाललें, धान्य ज्यावर आलें आणि कापूस ज्यावर बाजाराला गेला, त्या चाकाची विचारपूस क्वचितच होते. आणि मोडलेलें चाक पुन्हां चालतें करणाऱ्या सुतार-लोहारांची तर मुळींच होत नाहीं. जालना जिल्ह्याच्या एका कोपऱ्यांत, असई ह्या गांवाशीं, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानच्या भवितव्याला वळण देणारी लढाई झाली. त्या लढाईंत तोफा वाहणारें चाक एका जातीचें होतें. त्याच काळीं दक्षिणेंतल्या खेड्यांत खत आणि कणसें वाहणारें चाक अगदींच निराळ्या जातीचें होतें. ह्या दोन चाकांमध्यें एवढें अंतर कां पडलें, आणि पुढें तें कसें भरून निघालें, ह्याचा विचार केल्यास आपल्या इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू उजेडांत येईल. तेवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जमिनीकडे पाहूं. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. उत्तरेस अजिंठ्याचे डोंगर, दक्षिणेस गोदावरी, मध्यें पूर्णा व दुधना, आणि केळणा, जुई यांसारखे लहान प्रवाह, अशी त्याची ठेवण आहे. जमीन पुष्कळशी काळी. ही माती ओली झाली कीं फुगते आणि चाकाला थरावर थर चिकटून बसते. सुकली कीं तिला भेगा पडतात, आणि चिखलांत उमटलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण हल्लीं एका ठराविक वळणाच्या आयुष्याला लावतों. पण मूळची चाकोरी ही अशी, जींत एकदां चाक पडलें कीं तें गाडीवानाच्या नव्हे तर जमिनीच्या मर्जीनें चालावयाचें. अशा जमिनींत अरुंद चाक रुततें आणि रुंद चाक तरतें. लहान चाक खांचेंत अडकतें आणि मोठें चाक तिच्यावरून निघून जातें. परंतु चाक रुंद आणि मोठें केलें कीं तें जड होतें, आणि बैलांचा दम त्यांतच खर्ची पडतो. चाक घडविणाराची सारी विद्या ह्या ओढाताणींत आहे.

आतां १८०३ सालाकडे वळूं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं वसईचा तह केला. तो दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना रुचला नाहीं, आणि पुढल्या वर्षाच्या पावसाळ्यांत गोष्ट युद्धावर आली. जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढें वॉटर्लूच्या विजयानें गाजलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, त्या वेळीं अहमदनगरपासून थोड्याच अंतरावर तळ देऊन होता. ६ ऑगस्टला युद्ध पुकारलें गेलें. पण त्याला लागलीच हालतां आलें नाहीं. त्याला अडविलें तें कोणा सरदारानें नव्हे, पावसानें. वाटा वाहून चिखल झाल्या होत्या, आणि उघडीप मिळाल्यावर ८ तारखेला त्याचें कूच झालें. १२ ऑगस्टला नगरचा किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. ज्या किल्ल्याला चार दिवस पुरले, त्याच्या वाटेनें दोन दिवस खाल्ले, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

वेलस्लीला हा धडा नवा नव्हता. श्रीरंगपट्टणास असतांना, आणि विशेषतः १८०० सालीं धोंडजी वाघाचा पाठलाग करतांना, त्यानें ओळखलें होतें कीं, ह्या देशांतील मोहिमेचा निकाल पुष्कळदां रणांगणापूर्वीं बैलांच्या दावणींत लागतो. म्हैसूरकडील अमृतमहाल जातीचे काटक बैल त्यानें तोफांसाठीं राखले. धान्याची ने-आण त्यानें मुख्यतः वंजाऱ्यांच्या तांड्यांवर, म्हणजे बैलांच्या पाठींवर, सोंपविली. कारण पाठीवरच्या गोणीला रस्ता लागत नाहीं, चाकाला लागतो. त्याचा पत्रव्यवहार वाचूं लागावें तर तलवारीपेक्षां बैल, वैरण, तांदूळ, होड्या आणि वाटा यांचाच मजकूर अधिक भरेल.

कंपनी सरकारचें धोरणहि ह्याच दिशेचें होतें. श्रीरंगपट्टण येथें तोफगाडे बनविण्याचा कारखाना कंपनीनें घातला होता. आपल्या देशांतील सरकारी आयुध-कारखान्यांची परंपरा आपला आरंभ कलकत्त्याजवळच्या काशीपूर येथील कारखान्यापासून धरते. त्याचें उत्पादन १८ मार्च १८०२ रोजीं सुरू झालें, आणि अजूनहि तो दिवस आयुध-निर्माण दिन म्हणून पाळला जातो. हा काशीपूरचा कारखाना आरंभीं तोफा ओतण्यासाठीं नव्हता. तो तोफगाडे बनविण्यासाठीं होता! पुढें १९०४ सालीं जबलपूर येथें निघालेला मोठा कारखानाहि मुळांत तोफगाड्यांचाच. तोफ एकदां ओतली कीं पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तिचा गाडा मात्र प्रत्येक मोहिमेंत झिजतो, उकलतो, मोडतो. म्हणून ज्याला दूरवर राज्य करावयाचें आहे त्यानें तोफेपेक्षां तिच्या गाड्याची चिंता अधिक वाहिली पाहिजे, एवढें व्यापारी कंपनीच्या हिशेबी बुद्धीला कळलें होतें.

मग मराठ्यांकडे ही जाण नव्हती काय? होती, निदान शिंद्यांकडे तरी खास होती. महादजी शिंद्यांनीं १७८४ पासून द बॉयन ह्या सावोयच्या सरदाराला हाताशीं धरून कवाइती पलटणी उभारल्या, आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा ओतण्याचें काम चालविलें. १८०३ सालीं उत्तरेकडील लढायांत शिंद्यांच्या ज्या तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या, त्यांची इंग्रज अधिकाऱ्यांनीं बारकाईनें पाहणी केली. पितळी तोफा बहुतेक ह्याच देशांत ओतलेल्या. कांहींवर मथुरेचें, कांहींवर उज्जैनीचें नांव. तोंड वरखालीं करण्याचे मळसूत्री खिळे अगदीं नव्या फ्रेंच धर्तीचे. कारागिरी कंपनीच्या कोठारांतील मालाहून कोठेंच उणी नाहीं, असा अभिप्राय त्यांनीं दिला. हा शत्रूचा अभिप्राय असल्यामुळें त्यांत अतिशयोक्तीचा संशय घेण्याचें कारण नाहीं. ह्या तोफा ओतणारे, त्यांचीं चाकें घडविणारे आणि त्यांना धावा चढविणारे हात, देखरेख करणारे दोन-चार युरोपीय सोडले तर, ह्याच देशांतले होते. पण त्यांतल्या एकाचेंहि नांव विजेत्यांच्या यादींत नाहीं आणि जितांच्या बखरींतहि नाहीं.

२३ सप्टेंबर १८०३ रोजीं वेलस्ली केळणेच्या दक्षिण बाजूस आला, तेव्हां शिंदे-भोसल्यांची अफाट फौज नदीपलीकडे, केळणा आणि जुई यांच्या बेचक्यांत, पसरलेली त्याला दिसली. तिच्यांत पोलमन ह्या हॅनोव्हरी सरदाराच्या हाताखालीं सुमारें दहा हजारांवर कवाइती पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. कर्नल स्टीव्हन्सन, ज्यानें २ सप्टेंबरला जालन्याचा किल्ला घेतला होता, तो दुसऱ्या वाटेनें येत होता आणि अजून दूर होता. वाटाड्यांनीं सांगितलें कीं जवळपास नदीला उतार नाहीं. वेलस्लीला मात्र दोन कांठांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें दिसलीं. एवढ्या जवळच्या गांवांत येणेंजाणें नाहीं हें शक्यच नाहीं. आणि येणेंजाणें आहे त्या अर्थीं पाण्यांतून वाट असलीच पाहिजे, असा तर्क त्यानें केला, आणि तो खरा ठरला. युरोपांतल्या विद्वानांनीं ह्या तर्काचें पुष्कळ कौतुक केलें आहे, आणि तें योग्यच आहे. पण त्याचा एक अर्थ असाहि होतो कीं, असईच्या लढाईचा दरवाजा उघडला तो भोकरदनच्या कुणब्यांनीं आपल्या येण्याजाण्यानें नदीपात्रांत पाडून ठेवलेल्या वाटेनें.

इंग्रज फौज नदी उतरून बाजूनें येत आहे असें पाहतांच पोलमननें आपली सारी फळी काटकोनांत फिरवून पूर्वेकडे तोंड केलें. हें इतक्या सफाईनें आणि जलद झालें, कीं वेलस्लीला त्याची अपेक्षा नव्हती. लढाईचे इतिहासकार ह्या हालचालीचें श्रेय कवाइतीला देतात. परंतु पायदळाबरोबर तोफांचीहि तोंडें फिरलीं, नव्या जागीं त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनीं लागलीच मारा सुरू केला. पावसाळ्याच्या अखेरीस, दोन नद्यांमधल्या त्या जमिनींत, तोफा अशा हलल्या, ह्यांत त्यांच्या चाकांची आणि आंसांची परीक्षा झाली आणि तीं तिला उतरलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

उलट बाजूस इंग्रजांच्या तोफांचें काय झालें? मराठ्यांच्या माऱ्यांत त्या ओढणारे बैल आणि त्यांवरील माणसें इतकीं पडलीं, कीं तोफा पुढें नेणें अशक्य झालें. तेव्हां वेलस्लीनें तोफा जागच्या जागीं टाकून पायदळाला संगिनी घेऊन पुढें घातलें. ज्यानें वर्षानुवर्षें बैलांची एवढी काळजी वाहिली, त्याला ऐन प्रसंगीं बैलांवांचूनच लढावें लागलें. मराठ्यांच्या गोलंदाजांनीं शौर्याची पराकाष्ठा केली. कित्येक तोफांपाशींच मेले, कित्येक मेल्याचें सोंग करून पडून राहिले आणि शत्रु पुढें जातांच उठून त्याच्या पाठीवर त्यांनीं तोफा डागल्या. संध्याकाळपर्यंत लढाई संपली. इंग्रजांकडील मेलेले, जखमी आणि नाहींसे झालेले मिळून १,५८४ भरले. लढलेल्या सैन्याच्या मानानें हा आंकडा इतका मोठा होता, कीं वेलिंग्टन पुढें आयुष्यभर असईलाच आपल्या लढायांत अग्रस्थान देत असे. मराठ्यांच्या ९८ तोफा रणांत राहिल्या.

तोफा राहिल्या ह्याचें कारण उघड आहे. पराभवांत घोडेस्वार घोड्यासह निघून जातो, शिपाई खांद्यावरच्या बंदुकीसह निघून जातो; तोफ मात्र जिथें बैल सुटले तिथेंच राहते. विजेत्यांचीहि तीच गत झाली. इतके जखमी झाले होते कीं वेलस्लीला पाठलाग करतां आला नाहीं. जखमींना दौलताबादेच्या किल्ल्यांत ठेवावें असें त्याच्या मनांत होतें. तेथील निजामाच्या किल्लेदारानें नकार दिला. शेवटीं अजिंठा गांवांत इस्पितळ उघडावें लागलें आणि जखमींना डोल्यांत घालून तेथवर न्यावें लागलें. बिनकमानीच्या गाड्यांत मोडक्या हाडांचा माणूस त्या वाटेनें नेणें म्हणजे त्याला मारणेंच होय, हें सांगावयास वैद्य नको.

येथें घाईनें निष्कर्ष काढूं नये. असईस मराठे हरले तें चाकामुळें, असें म्हणणें हास्यास्पद होईल. नेतृत्वाची दुफळी, ऐन वेळीं नोकरी सोडून गेलेले युरोपीय अधिकारी, समोरच्या सेनापतीची धडाडी, अशीं अनेक कारणें आहेत आणि इतिहासकारांनीं त्यांची चर्चा केली आहे. पण पराभवापेक्षां महत्त्वाचा प्रश्न पराभवानंतरचा असतो. एक लढाई हरलेलें राज्य पुन्हां उभें राहतें कीं नाहीं, हें त्याच्या मागें कोणते कारखाने उरले ह्यावर ठरतें. असईच्या आधीं, ४ सप्टेंबरला, अलीगड पडलें होतें. नंतर १८ ऑक्टोबरला आग्रा पडलें, आणि त्याबरोबर तेथील कोठार आणि कारागिरांचा मेळा शिंद्यांच्या हातांतून गेला. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगांवच्या तहांत अजिंठ्याच्या डोंगराखालचा सारा मुलूख, त्यांत जालन्याचा किल्ला व परगणाहि, शिंद्यांनीं सोडला. गेलेल्या तोफा पुन्हां ओततां आल्या असत्या. परंतु जेथें त्या ओतल्या जात, जेथें त्यांचीं चाकें बांधलीं जात आणि मोडलीं तर दुरुस्त होत, ती जागाच गेल्यावर काय उरतें? वसईच्या तहापासून वर्षभरांत शिंद्यांच्या राज्याला जी इजा झाली, तिच्यांतली ही सर्वांत खोल इजा होय असें माझें मत आहे.

आतां रणांगण सोडून खेड्यांत येऊं. जालन्याकडील खेड्यांच्या गाड्यांचें त्या काळचें वर्णन आपणांस शेजारच्या मुंबई इलाख्याच्या कागदांवरून ताडून पाहावें लागतें. देश तोच, माती तीच आणि कुणबीहि तोच, म्हणून ह्यांत फारसा धोका नाहीं. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट ह्या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यापासून जमिनीची मोजणी आरंभिली. त्या वेळीं खेड्यांतून जो गाडा होता तो पाहून ते चकित झाले. त्याचीं चाकें भरीव असत, आणि कित्येक ठिकाणीं तीं चक्क दगडाचीं असत! असा गाडा ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. म्हणून तो बहुधा एकट्याच्या मालकीचा नसे, भागीदारीचा असे, आणि खत व पीक वाहण्यापलीकडे त्याचा उपयोग नसे. दूरचा व्यापार सारा बैलांच्या पाठीवर. भरीव चाक हें दक्षिणेंत अतिप्राचीन आहे. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं जी कांशाचीं शिल्पें सांपडलीं, त्यांत दोन बैल जुंपलेला रथ आहे, आणि त्याचीं चाकें भरीवच आहेत.

म्हणजे अवघ्या तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं ज्या प्रदेशांतून फ्रेंच धर्तीचे तोफगाडे धांवले, त्याच प्रदेशांत कुणब्याच्या दारीं दगडी चाक होतें. छावणींतली विद्या खेड्यांत कां उतरली नाहीं? लोखंड महाग होतें, रस्ते नव्हते, आणि राज्यकर्त्यांच्या नजरेंत कुणब्याचा गाडा हा विचार करण्याजोगा विषय नव्हता, हीं कारणें तर आहेतच. मला आणखी एक दिसतें. आरेदार चाकाला दुरुस्ती लागते. त्याच्या वीस-पंचवीस सांध्यांपैकीं एक सैल झाला तरी तो नेमका ओळखून बसविणारा सुतार आणि धाव उतरवून चढविणारा लोहार हाताशीं असावा लागतो. दगडी चाकाला दुरुस्ती लागत नाहीं; हाच त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. जेथें दुरुस्ती करणारा नाहीं, तेथें शहाणा शेतकरी कधीं न मोडणारी वाईट वस्तु पत्करतो, आणि मोडल्यावर दुरुस्त न होणारी चांगली वस्तु नाकारतो. त्याला अडाणी म्हणणारांनीं ह्याचा विचार करावा.

हें अंतर भरून काढण्याच्या कामीं लेफ्टनंट गेसफर्ड ह्या अधिकाऱ्याचें नांव घेतलें पाहिजे. त्यानें बेताच्या किंमतीचा, हलका, आरेदार चाकांचा गाडा तयार करविला, आणि सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें त्याचा कारखाना काढला. मुख्य अडचण लांकडाची किंवा लोखंडाची नव्हती. कारागीर शिकवून तयार करण्याची होती. पण कारागीर एकदां तयार झाले कीं ते आपलें ज्ञान घेऊन गांवोगांव पसरले, आणि एका पिढींत हा गाडा इतका आपला झाला, कीं आज आपण ज्याला ‘परंपरागत बैलगाडी’ म्हणून गौरवितों ती बहुतांशीं ह्याच सुधारणेचें लेंकरूं आहे. एक जोडी बैलांनीं ओढावयाचा गाडा आल्याबरोबर तो भागीदारीचा राहिला नाहीं, घरोघर झाला. कुणबी आपला माल आपण बाजारांत नेऊं लागला, आणि बैलांच्या पाठीवर चाललेला वंजाऱ्यांचा व्यापार हळूहळू ओसरला. एकाचें सुख दुसऱ्याचें दुःख होऊन बसलें, हेंहि ह्या चाकाच्या हिशेबांत मांडलें पाहिजे.

ह्या चाकाची रचना वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल, पण निरखिली असेल असें नाहीं. मध्यें तुंबा, त्यांत ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वांकडे कोरून जुळविलेले पुठ्ठे, आणि सर्वांवर कवळ घालून बसलेली लोखंडी धाव. तुंब्यांतून आंस जातो, आणि चाक निसटूं नये म्हणून त्याच्या टोकाला कुणी घालतात. लांकूड बहुधा बाभळीचें, कारण तें चिवट असतें आणि शेताच्या बांधावर मिळतें. धाव घेरानें चाकाहून किंचित् लहान करतात. गोंवऱ्यांच्या आगींत ती लाल झाली कीं फुगते. मग चिमट्यांनीं उचलून ती चाकावर टाकावयाची, घणांनीं बसवावयाची, आणि लांकूड पेट घेण्यापूर्वीं पाणी ओतावयाचें. निवतांना ती आंवळते आणि सारे सांधे एकमेकांत दाबून धरते. खिळा नाहीं, सरस नाहीं; केवळ लोखंडाच्या आकुंचनावर चाक उभें राहतें. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत उष्णतेनें पदार्थ प्रसरण पावतात हें आम्ही मुलांना कडीगोलक दाखवून शिकवितों. लोहाराच्या अंगणांत तोच धडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

दुरुस्तीचें शास्त्रहि असेंच सूक्ष्म. उन्हाळ्यांत लांकूड आटतें आणि धाव खुळखुळूं लागते. तेव्हां चाकें काढून पाण्यांत भिजत घालतात. तेवढ्यानें भागलें नाहीं तर धाव कापून, घेर कमी करून, पुन्हां चढवावी लागते. चाक वर उचलून फिरवून पाहिलें कीं जाणत्या सुताराला तें कोठें डोलतें तें दिसतें, आणि आऱ्यावर हातोडीनें टकोरा मारला कीं सांधा घट्ट आहे कीं पोकळ, हें आवाजावरून कळतें. आंसाला एरंडेलांत काजळी मिसळून केलेलें वंगण लागतें. त्याची नळी गाडीखालीं टांगलेली असते, कारण वाटेंत आंस करकरूं लागला तर तेथेंच उपाय केला पाहिजे. गाडीला कमान नाहीं. जमिनीचा प्रत्येक धक्का आंसांतून साट्याला, साट्यांतून मालाला आणि जुवांतून बैलांच्या मानेला पोहोंचतो. त्यावर उपाय म्हणजे दोर थोडे सैल बांधणें आणि बसणाराखालीं कडब्याच्या पेंढ्या टाकणें. आणि ह्या सगळ्या कामाचा मोबदला? सुगीच्या वेळीं खळ्यावर मिळणारें बलुतें. चाक मोडलें तरी तेंच, नाहीं मोडलें तरी तेंच. म्हणून चाक कमी मोडावें ह्यांत सुताराचेंहि हित होतें. आजच्या व्यापारी जगांत ही गोष्ट नवलाची वाटेल. ह्या व्यवस्थेंत जातीचें बंधन आणि मानहानि होती, ती विसरून तिचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं; तिच्यांतला एवढा एक शहाणपणा मात्र वेगळा काढून घेण्यासारखा आहे.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून धांवूं लागला आणि गाड्यांच्या लांबच्या खेपा थांबल्या. पण शेतापासून स्टेशनापर्यंतची खेप उलट वाढली. मग रबर आलें. डनलपनें हवा भरलेल्या टायरचें पेटंट १८८८ सालीं घेतलें होतें. आपल्या खेड्यांत तें टायर बैलगाडीला लागावयास अर्धें शतक जावें लागलें. टायरगाडीनें दोन उपकार केले: रुंद चाकामुळें काळ्या मातींत रुतणें कमी झालें, आणि हवेच्या गादीमुळें बैलाच्या मानेचा धक्का हलका झाला. त्याचबरोबर तिनें सुताराचें काम काढून घेतलें. नंतर ट्रॅक्टर आला आणि त्यामागें दुचाकी-चारचाकी ट्रॉली आली.

ट्रॉलीची दुरुस्ती पाहिली म्हणजे मात्र जुन्या विद्येनें केवळ वेष बदलला आहे असें वाटतें. आधीं ती भक्कम ओंडक्यांवर तोलून धरावयाची आणि चाकें उतरवावयाचीं. मग तुंब्याच्या जागीं आलेला हब उघडून बेअरिंगें रॉकेलनें धुवावयाचीं. त्यांवर ओरखडे किंवा जळाल्याची निळसर झांक दिसली तर तीं टाकून द्यावयाचीं, नाहींतर नवें ग्रीस भरून बसवावयाचीं. कमानीचे पाटे सोडवून एकेक तपासावयाचे. तडकलेला पाटा बदलावयाचा. बसलेला पाटा भट्टींत तापवून, पुन्हां वांकवून, त्याला पाणी द्यावयाचें. बुश झिजले असतील तर नवे घालावयाचे, आणि शेवटीं चाक अधांतरीं फिरवून तें डोलतें कीं काय हें पाहावयाचें. वंगण, कमान, पाणी देणें, डोलणें, हे सारे शब्द जुनेच आहेत. ज्या नजरेनें डोल ओळखला जातो ती नजरहि जुनीच आहे. जालना शहर आज लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीं देशभर प्रसिद्ध आहे. असें असूनहि, ज्या माणसाला पाट्याला नेमकें किती पाणी द्यावें हें कळतें, तो आपल्या लेखीं अशिक्षितच राहतो.

११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूर-शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा टप्पा खुला झाला. तो जालना जिल्ह्यांतूनच जातो. त्यावर बैलगाडीला प्रवेश नाहीं, आणि नसावा हेंच योग्य. प्रत्येक युगाचा रस्ता आपलें चाक निवडतो. माझी तक्रार चाक बदलल्याची नाहीं. एक चाक जातांना त्याबरोबर जें ज्ञान आणि जी भाषा जाते, तिची नोंद कोणी करीत नाहीं, ही माझी तक्रार आहे. आग्र्याच्या कारागिरांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. त्या कोठाराबरोबर त्यांची विद्या कोठें विखुरली हें आज सांगतां येत नाहीं. तोच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत गांवच्या सुतार-लोहारांच्या बाबतींत पुन्हां होऊं पाहत आहे.

ह्यावर उपाय फार खर्चाचा नाहीं. भोकरदन, जाफराबाद, परतूर, अंबड ह्या तालुक्यांत धाव चढविलेली ज्यांना आठवते अशीं वृद्ध माणसें अजून आहेत. जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं आपल्या विद्यार्थ्यांना एका सुट्टींत त्यांच्याकडे धाडावें. चाकाच्या प्रत्येक भागाचें नांव, प्रत्येक लांकडाचा गुण, दुरुस्तीची प्रत्येक रीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावी, आणि सांगणाराचें नांव त्यापुढें लिहावें. असईच्या ९८ तोफांची मोजदाद इंग्रजांनीं एका दिवसांत केली. त्या तोफा ज्यांवर उभ्या होत्या त्या चाकांची आणि त्यांच्या कारागिरांची मोजदाद करावयास आपणांस दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला आहे. आतां तरी ती सुरू व्हावी.